सोसायट्या-पतसंस्थांच्या वेब ॲपमध्ये ठराव आणि इतिवृत्त लिहायला कोणता टेक्स्ट एडिटर घ्यावा?

विश्रामबाग_डेव्ह (सांगली)

नमस्कार मंडळी,

सांगली जिल्ह्यातल्या विकास सोसायट्या आणि पतसंस्थांसाठी वेब ॲप तयार होत आहे. सभासद, कर्जखाती, वसुली हा भाग चालू झाला आहे. आता सचिवांना सभेची नोटीस, ठराव, इतिवृत्त आणि वार्षिक अहवाल ब्राउझरमध्येच लिहिता यायला हवेत. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, म्हणजे ऑगस्टपासून सगळ्यांची लिखापढी एकदमच सुरू होणार.

सर्व्हरवर लारावेल (पीएचपी फ्रेमवर्क), ब्राउझरकडे व्ह्यू ३ (जावास्क्रिप्ट फ्रेमवर्क) आणि डेटाबेस मायएसक्यूएल ८ वापरतोय. सर्व्हर २ जीबी रॅमचा. ॲपचा सोर्स खुला करायचा नाही.

मराठी टायपिंग संगणकावर इनस्क्रिप्टने होणार आणि फोनवर जीबोर्डने. बऱ्याच संस्थांचे जुने ठराव वर्डमध्ये, तेही श्री-लिपी नाहीतर कृती देव फाँटमध्ये आहेत, त्यातून कॉपी-पेस्ट होणारच. कर्जमंजुरीच्या यादीसाठी टेबल हवे. शेवटी ए-४ वर पीडीएफ काढून सही-शिक्क्यासाठी छापायचे आहे. शिराळा, जत, आटपाडीकडे रेंज मध्येच गेली तरी लिहिलेले वाया जायला नको.

टाइनीएमसीई, सीकेएडिटर, क्विल आणि टिपटॅप ही नावे समोर आहेत. कुठला घ्यावा, आणि का?

मिरज_फुलस्टॅक

आधी परवाना बघा, तिथेच अर्धी यादी गळते.

टाइनीएमसीई ६ एमआयटी परवान्याखाली (मोफत, आणि आपला सोर्स बंद ठेवता येतो) होता. २०२४ मध्ये आलेल्या ७ पासून तो जीपीएल (त्यासोबत वाटलेला कोडही खुला करायची अट) किंवा पैसे भरून व्यावसायिक परवाना, असा झाला. सीकेएडिटर ५ चेही तेच. दोघांच्याही नव्या आवृत्त्या स्वतःच्या सर्व्हरवर ठेवताना लायसन्स कीच्या जागी ‘जीपीएल’ असे लिहावे लागते, म्हणजे ती अट मान्य करूनच पुढे जायचे. एडिटरचे जावास्क्रिप्ट ग्राहकाच्या ब्राउझरमध्ये उतरते, त्यामुळे ‘आमचा कोड सर्व्हरवरच असतो’ एवढे म्हणून सुटका होत नाही. सोर्स बंद ठेवायचा तर व्यावसायिक परवाना विकत घ्या, नाहीतर हे दोन्ही बाजूला ठेवा. एमआयटी आहे म्हणून टाइनीएमसीई ६ वरच थांबू नका, त्याला आता सुरक्षा-दुरुस्त्या मिळत नाहीत.

सीकेएडिटर ४ चा विचारही नको. त्याची मोफत देखभाल जून २०२३ मध्ये संपली. ४.२२.१ ही शेवटची खुली आवृत्ती, आणि ती स्वतःच एडिटरमध्ये ‘ही आवृत्ती सुरक्षित नाही’ अशी सूचना दाखवते. जुन्या ट्युटोरियलमध्ये अजून तीच सापडते, म्हणून सांगतोय.

क्विलचा परवाना बीएसडी (एमआयटीसारखाच मोकळा), वापरायला हलका, तासाभरात चालू होतो. पण तुमच्या कामात दोन ठिकाणी अडेल. त्याचे टेबल अगदी प्राथमिक आहे, सेल जोडणे वगैरे नाही. आणि क्विल २ मध्ये ठिपक्यांची यादी असो वा आकड्यांची, दोन्ही ‘ओएल’ टॅगमध्येच साठवली जातात, फरक फक्त ‘डेटा-लिस्ट’ या ॲट्रिब्यूटमध्ये असतो. एडिटरमध्ये ठिपके दिसतात, पण तेच एचटीएमएल पीडीएफकडे गेले की सगळीकडे १, २, ३ उमटते. त्यासाठी सिमँटिक एचटीएमएल काढून देणारे वेगळे फंक्शन वापरावे लागते. क्विल १.३.७ वर तर आता काहीच नवे बांधू नका. त्या आवृत्तीत अजून जुन्या म्युटेशन इव्हेंटचा (पानातला बदल कळवणारी जुनी पद्धत) वापर आहे, आणि ते क्रोमने १२७ व्या आवृत्तीपासून काढून टाकले आहेत.

तुमच्या यादीबाहेरचे आणखी दोन एडिटर: ट्रिक्समध्ये टेबल नाही, विषय संपला. समरनोट जेक्वेरीवर चालतो आणि आतून ‘एक्झेककमांड’ वापरतो. ते ब्राउझरमध्येच कालबाह्य ठरवलेले आहे.

उरले टिपटॅप आणि यादीबाहेरचा लेक्झिकल. दोन्ही एमआयटी. व्ह्यू ३ साठी टिपटॅपचे अधिकृत पॅकेज आहे, आणि खाली प्रोझमिरर ही एडिटर लायब्ररी असल्यामुळे पाया भक्कम आहे. माझे मत टिपटॅपला. त्याची किंमत वेगळ्या रूपात मोजावी लागते: टूलबार तयार मिळत नाही. बटणे, टेबलाचा मेनू, लिंकची खिडकी सगळे तुम्हालाच बांधावे लागेल.

व्ह्यूमध्ये एक गोष्ट कटाक्षाने पाळा. एडिटरचा ऑब्जेक्ट साध्या ‘रेफ’मध्ये ठेवू नका, ‘शॅलोरेफ’ वापरा. व्ह्यू ३ आतल्या प्रत्येक ऑब्जेक्टभोवती प्रॉक्सी (बदल टिपणारे आवरण) गुंडाळतो. मग प्रोझमिररला मूळ दस्तऐवज आणि प्रॉक्सी वेगवेगळे वाटतात आणि ‘मिसमॅच्ड ट्रान्झॅक्शन’ असा एरर येतो. टिपटॅपचे ‘यूजएडिटर’ वापरले तर ही काळजी तेच घेते.

कुपवाड_सिस्टिम्स

टिपटॅपबद्दल मिरजकरांशी सहमत. पण एडिटर ठरवण्याआधी काय साठवायचे ते ठरवा, म्हणजे एडिटरचा प्रश्न निम्मा हलका होतो.

इतिवृत्त म्हणजे एकच लांबलचक मजकूर नव्हे. सभेची तारीख, वेळ, ठिकाण, अध्यक्ष, हजर सदस्य, विषय क्रमांक, ठराव क्रमांक, सूचक, अनुमोदक, मंजुरी सर्वानुमते की बहुमताने: हे सगळे साध्या फॉर्मचे रकाने आहेत. एडिटर लागतो तो फक्त ठरावाच्या मजकुरापुरता. प्रत्येक ठराव वेगळी नोंद आणि त्याला स्वतःचा छोटा एडिटर, अशी रचना करा. मग ‘गेल्या तीन वर्षांत बेदाणा तारण कर्जाबाबत कोणते ठराव झाले’ हे डेटाबेसला विचारता येते. ठराव वर-खाली हलवला की क्रमांक आपोआप बदलतात. सेव्ह करताना काही बिघडले तरी एकाच ठरावाचे बिघडते. फोनवर चाळीस पानांचा दस्तऐवज उघडून त्यात टाइप करणे कुठल्याही एडिटरमध्ये जड जाते, ती अडचणही राहत नाही.

ठरावाच्या मजकुरात परिच्छेद, ठळक, अधोरेखित, दोन प्रकारच्या याद्या, टेबल आणि डावे-मध्य-उजवे एवढेच ठेवा. अक्षरांचा रंग, फाँटचे नाव, फाँटचा आकार ही बटणे देऊ नका. ती दिली की प्रत्येक संस्थेचा प्रत्येक ठराव वेगळ्या रूपात छापला जातो आणि नंतर एकसारखे करणे अशक्य होते. टिपटॅपचे बळ इथेच आहे: स्कीमामध्ये (परवानगी असलेल्या घटकांच्या यादीत) जे नाही ते दस्तऐवजात शिरूच शकत नाही, मग ते टाइप केलेले असो वा पेस्ट केलेले.

सभासदाचे नाव, खाते क्रमांक, मंजूर रक्कम एडिटरमध्ये हाताने लिहू देऊ नका. त्यासाठी स्वतःचा एक इनलाइन नोड (ओळीतच बसणारा घटक) बनवा, ‘ॲटम’ प्रकारचा, म्हणजे त्याच्या आत कर्सर जात नाही आणि तो पुसला तर पूर्ण पुसला जातो. त्यात फक्त कर्ज अर्जाचा आयडी साठवा. नाव आणि रक्कम कर्जखात्यातून भरली जाईल. रक्कम दाखवायला ब्राउझरच्या नंबरफॉरमॅटला ‘एमआर-आयएन’ लोकॅल दिले की १२,३४,५६७ असे लाख-हजाराचे गट आणि देवनागरी आकडे आपोआप येतात. ठरावाला मंजुरी मिळाली की मात्र त्या क्षणाचे नाव-रक्कम मजकुरात गोठवा. पुढे खात्यात बदल झाला म्हणून जुना ठराव बदलता कामा नये.

साठवण तीन रूपांत करा. टिपटॅपचे जेसन (मजकुराची रचना डेटा म्हणून) हे मूळ, त्यावरून तयार केलेले एचटीएमएल छपाईसाठी, आणि नुसता मजकूर शोधासाठी. जेसनसोबत स्कीमाचा आवृत्ती क्रमांक ठेवाच. याचे कारण नीट समजून घ्या: उद्या तुम्ही एखादा नोड काढला किंवा त्याचे नाव बदलले आणि जुन्या जेसनमध्ये तो असला, तर टिपटॅप कन्सोलवर इशारा देऊन रिकामा एडिटर उघडतो. ऑटोसेव्ह चालू असेल तर तो रिकामा मजकूर जुन्या ठरावावर बसतो. ‘एनेबलकंटेंटचेक’ ही मजकुराची तपासणी चालू करा, आणि एरर आला तर एडिटर फक्त वाचनापुरता ठेवून सेव्ह बंद पाडा.

वारणाकाठ

पेस्टबद्दल लिहितो, कारण तुमच्याकडे सर्वात जास्त तक्रारी तिथूनच येणार.

वर्डमधून येणारे एचटीएमएल ‘एमएसओ’ने सुरू होणाऱ्या स्टाइल, रिकामे टॅग आणि कॉमेंट यांनी भरलेले असते. प्रोझमिरर त्यातले बहुतेक आपोआप टाकून देतो. पण वर्डची यादी क्लिपबोर्डवर यादी म्हणून येतच नाही, साधे परिच्छेद म्हणून येते: क्लासचे नाव ‘एमएसओलिस्टपॅराग्राफ’, आणि ठिपका किंवा ‘१.’ हा मजकुराचाच भाग. टिपटॅपमध्ये त्याचे तसेच्या तसे परिच्छेद होतात. त्यासाठी ‘ट्रान्सफॉर्मपेस्टेडएचटीएमएल’ या हुकमध्ये (पेस्ट आत येण्याआधी चालणारे फंक्शन) असे सलग परिच्छेद शोधून, स्टाइलमधल्या ‘एमएसओ-लिस्ट’वरून पातळी काढून, खरी यादी बांधावी लागते. सीकेएडिटर ५ हे काम मोफत भागातही करतो. टाइनीएमसीईने मात्र ६ पासून वर्डची सफाई मोफत भागातून काढून विकतच्या प्लगइनमध्ये नेली.

त्याच हुकमध्ये न तुटणाऱ्या स्पेसच्या जागी साधी स्पेस घाला. वर्डमधून त्या ढिगाने येतात आणि छापताना ओळ मध्येच मोडायची बंद होते, एखादा अर्धा परिच्छेद समासाबाहेर जातो.

आता जुने फाँट. श्री-लिपी, कृती देव, डीव्हीबी-सुरेख यांत लिहिलेला मजकूर युनिकोड नसतो. फाईलमध्ये असतात ती इंग्रजी किंवा चिन्हांची अक्षरे. फाँट फक्त त्यांना मराठी रूप देतो. तुमचा एडिटर फाँटचे नाव टाकून देणार, म्हणजे कृती देवमधले ‘आहे’ पेस्ट झाल्यावर व्ही, के, जी, एस अशी चार इंग्रजी अक्षरे दिसणार. फाँट राहू दिला तरी उपयोग नाही. शोध लागत नाही, फोनवर तो फाँट नसतो, आणि पीडीएफमधून कॉपी केले तर पुन्हा तीच चार अक्षरे.

म्हणून पेस्टच्या क्षणी, सफाईच्या आधी, येणाऱ्या एचटीएमएलमधली फाँट-फॅमिली तपासा. कृती देव, श्री-देव, डीव्हीबी अशी नावे आढळली की तो तुकडा कन्व्हर्टरमधून जाऊ द्या आणि जुने-नवे शेजारी शेजारी दाखवून सचिवांची संमती घ्या. प्रत्येक फाँट-कुटुंबाचा तक्ता वेगळा असतो, एकाचा दुसऱ्याला चालत नाही. कन्व्हर्टर लिहिताना नुसते अक्षराला अक्षर बदलून भागत नाही. कृती देवमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप झालेली असते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते, आणि जोडाक्षर असेल तर पूर्ण जोडाक्षरानंतर. रफाराचे उलट: जुन्या फाँटमध्ये तो अक्षरानंतर, युनिकोडमध्ये आधी. ‘मंजूर कर्ज’ आणि ‘स्थिती’ हे दोन नमुने नीट उतरले की तक्ता बहुतांशी बरोबर आहे असे समजा.

एकाच परिच्छेदात कृती देव आणि खरे इंग्रजी मिसळलेले असते, उदाहरणार्थ आयएफएससी कोड. म्हणून रूपांतर परिच्छेदावर नको, फाँट लावलेल्या प्रत्येक स्पॅनवर स्वतंत्र करा.

विश्रामबाग_डेव्ह (सांगली)

धन्यवाद सर, ठराव वेगवेगळे ठेवायची कल्पना लगेच पटली. मग टिपटॅपच धरतो. आता सर्व्हरकडची बाजू सांगा. सध्या पीडीएफ डॉमपीडीएफ या पीएचपी लायब्ररीने निघते आणि ‘स्थिती’मधली वेलांटी भलतीकडेच पडते. आणि सफाईला पीएचपीचे स्ट्रिप_टॅग्ज पुरेल का?

तासगाव_बॅकएंड

स्ट्रिप_टॅग्ज पुरणार नाही. ते टॅग काढते, परवानगी दिलेल्या टॅगवरची ॲट्रिब्यूट तशीच ठेवते. तुम्ही ‘पी’ टॅगला परवानगी दिली की त्यावरचा ‘ऑनमाउसओव्हर’ही आत आला. एडिटरची स्कीमा ही सुरक्षा नव्हे. विनंती एडिटर न उघडताही पाठवता येते.

तुम्ही जेसन साठवणार असाल तर चांगला मार्ग असा: ब्राउझरकडून एचटीएमएल घेऊच नका, फक्त जेसन घ्या आणि एचटीएमएल सर्व्हरवर तयार करा. टिपटॅपची पीएचपी लायब्ररी त्यासाठीच आहे. वर सांगितलेला सभासदाचा नोड तिथेही पीएचपीत लिहावा लागेल. त्यानंतरही सॅनिटायझर (धोकादायक एचटीएमएल गाळणारी लायब्ररी) लावा, कारण लिंकच्या पत्त्यात ‘जावास्क्रिप्ट:’ येऊ शकते. एचटीएमएलप्युरिफायर उत्तम आहे, पण एचटीएमएल ५ चे ‘फिगर’सारखे टॅग त्याला मुळात माहीत नाहीत, ते वेगळे शिकवावे लागतात. सिम्फनीच्या सॅनिटायझरला ते माहीत आहेत. मात्र त्यात इनपुटची मर्यादा मुळात २०,००० असते, ती बाइटमध्ये मोजली जाते, आणि देवनागरीचे एक अक्षरचिन्ह ३ बाइट घेते. म्हणजे साडेसहा हजार चिन्हांच्या पुढचा मजकूर कापला जाईल. मर्यादा वाढवूनच वापरा.

हीच ३ बाइटची गोष्ट मायएसक्यूएलमध्ये. टेक्स्ट कॉलममध्ये ६५,५३५ बाइट मावतात, म्हणजे नुसती देवनागरी २१,८४५ चिन्हे, आणि त्यात टॅगही आले. वार्षिक अहवाल यात बसत नाही. मीडियमटेक्स्ट घ्या. स्ट्रिक्ट मोड बंद असलेल्या सर्व्हरवर जास्तीचा मजकूर गुपचूप कापला जातो, एररही येत नाही. कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४.

मंजूर ठरावाची शहानिशा करायला हॅश (मजकुराचा डिजिटल ठसा) ठेवणार असाल तर एक इशारा: मायएसक्यूएलचा जेसन प्रकार साठवताना कीजचा क्रम बदलतो. परत वाचून हॅश काढला तर तो जुळणार नाही. मंजूर प्रत मीडियमटेक्स्टमध्ये जशीच्या तशी ठेवा, किंवा तयार पीडीएफ फाईलचाच एसएचए-२५६ काढा.

चित्रे मजकुरात बेस६४ म्हणून शिरू देऊ नका. आकार एक-तृतीयांशाने वाढतो. ३ एमबीचा फोटो ४ एमबीचा होतो. एनजिनएक्स या वेब सर्व्हरची मर्यादा मुळात १ एमबी, त्यामुळे ४१३ (विनंती फार मोठी) एरर येतो आणि सचिवांना फक्त ‘सेव्ह होत नाही’ एवढेच दिसते. पेस्ट किंवा ड्रॉप झालेले चित्र अडवून वेगळे अपलोड करा, ब्राउझरमध्येच रुंदी १६०० पिक्सेलवर आणा, मजकुरात फक्त पत्ता ठेवा. पीएचपीच्या दोन्ही मर्यादा, अपलोडची २ एमबी आणि पोस्टची ८ एमबी, बघून घ्या.

पीडीएफ. डॉमपीडीएफ देवनागरीची अक्षरजोडणी करत नाही. युनिकोडच्या क्रमाने एकेक चिन्ह मांडत जातो, म्हणून वेलांटी व्यंजनानंतर पडते आणि जोडाक्षरे फुटतात. फाँट बदलून हे सुटणार नाही. दोन पर्याय आहेत.

एमपीडीएफ: फाँटच्या नोंदीत ‘यूजओटीएल’ या अक्षरजोडणीच्या सेटिंगला ०एक्सएफएफ द्यावे लागते, ते विसरले तर डॉमपीडीएफसारखेच दिसते. नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता फाँट जोडा. रुंद टेबल तो आपोआप बारीक करतो; अक्षरे वाचेनाशी होऊ नयेत म्हणून ‘श्रिंक_टेबल्स_टू_फिट’ १ करा आणि रुंद यादी आडव्या पानावर घ्या. टेबलाच्या मथळ्याची ओळ ‘टीहेड’मध्ये असेल तरच पुढच्या पानावर पुन्हा छापली जाते. टिपटॅप मथळ्याचे सेल ‘टीएच’ म्हणून देतो पण ओळ ‘टीबॉडी’तच ठेवतो, म्हणून पीडीएफच्या आधी पहिली ओळ हलवून घ्या.

हेडलेस क्रोम (खिडकी न उघडता चालणारा क्रोम): अक्षरजोडणी ब्राउझरसारखीच, म्हणजे अचूक. पण रॅम खातो. २ जीबीच्या सर्व्हरवर मायएसक्यूएल शेजारी असताना क्यू लावून एका वेळी एकच पीडीएफ काढा. लिनक्सवर मराठी फाँट बसवलेला नसेल तर चौकोन छापले जातात, एफसी-लिस्ट या आज्ञेने आधी खात्री करा. डब्ल्यूके-एचटीएमएल-टू-पीडीएफच्या वाटेला जाऊ नका, तो प्रकल्प थांबला आहे.

तुमचे दस्तऐवज ठराविक साच्याचे आहेत, तर मी एमपीडीएफ घेईन.

पानाला ‘लँग’ ॲट्रिब्यूट ‘एमआर’ द्या. नोटोसारख्या फाँटमध्ये ल आणि श यांची मराठी रूपे वेगळी आहेत आणि भाषा सांगितली तरच ती निवडली जातात, नाहीतर हिंदी वळणाचा ल छापला जातो. ओळींची उंची १.६ च्या आसपास ठेवा, आणि अक्षरांमधले अंतर वाढवण्याच्या फंदात पडू नका, शिरोरेषा तुटते.

पलूस_फ्रंटएंड

दादा, निर्णय झाला असे दिसतेय, तरी एक मत मांडते. संस्था पैसे देत असतील आणि तुमच्याकडे माणसे कमी असतील, तर सीकेएडिटर ५ चा व्यावसायिक परवाना महाग म्हणून लगेच सोडू नका. वर्डची यादी, टेबलाचे सेल जोडणे-तोडणे, कॉलमची रुंदी ओढणे हे सगळे त्यात घोटून तयार आहे. टिपटॅपमध्ये टेबलाचा मेनू बोटाने वापरता येईल असा बांधणे हे बरेच मोठे काम आहे. ठरावात टेबल क्वचितच येत असेल तर टिपटॅप, पानोपानी येत असेल तर हिशोब पुन्हा करा. कर्जमंजुरीची यादी मात्र मुळात एडिटरमध्ये नकोच, ती कर्जखात्यातून थेट टेबल म्हणून यावी. तेवढे केले तर माझाही कौल टिपटॅपला.

फोनवर जीबोर्डने मराठी लिहिताना शब्द पूर्ण होईपर्यंत तो ‘कंपोझिशन’ अवस्थेत असतो आणि कीडाऊन इव्हेंटमध्ये प्रत्येक वेळी २२९ हाच आकडा येतो. म्हणून की ओळखून चालणारे कुठलेही शॉर्टकट फोनवर चालणार नाहीत, प्रत्येक गोष्टीला बटण हवे. कंपोझिशन चालू असताना बाहेरून मजकूर बदलला तर शब्द दुप्पट होतो किंवा कर्सर शेवटी उडी मारतो. याचे नेहमीचे कारण म्हणजे व्ही-मॉडेल: प्रत्येक अक्षराला एचटीएमएल बाहेर काढायचे आणि तेच पुन्हा एडिटरमध्ये भरायचे. मजकूर एडिटरमध्ये एकदाच भरा, नंतर फक्त बाहेर वाचा.

अक्षरमर्यादा दाखवणार असाल तर ‘स्त्री’ या शब्दाची लांबी जावास्क्रिप्टमध्ये ६ येते हे ध्यानात घ्या. लारावेलचा ‘मॅक्स’ नियमही ६ च मोजतो. दोन्हीकडे एकच मोजणी असू दे, आणि सचिवांना अक्षरांऐवजी शब्दसंख्या दाखवा.

ऑटोसेव्ह: टाइप करणे थांबल्यावर २-३ सेकंदांनी आधी फोनमध्ये किंवा संगणकातच इंडेक्स्डडीबी या ब्राउझरच्या साठ्यात लिहा, मग सर्व्हरला पाठवा. लोकलस्टोरेजमध्ये साधारण ५ एमबीच मावते. सर्व्हरला पाठवताना आवृत्ती क्रमांक पाठवा. सर्व्हरवरची आवृत्ती पुढे गेली असेल तर ४०९ (दोन बदलांची टक्कर) एरर देऊन दोन्ही मजकूर शेजारी दाखवा, शेवटी आलेल्याने आधीच्याला पुसू नये. सोसायटीच्या कचेरीत एकच संगणक सगळे वापरतात, म्हणून त्या साठ्याच्या कीमध्ये वापरकर्त्याचा आयडी घाला आणि लॉगआउटला, सर्व्हरवर पोहोचलेले असेल तरच, ते साफ करा.

आणि लारावेलचे सेशन मुळात १२० मिनिटांचे असते. सचिव सकाळी पान उघडून ठेवतात, मध्ये सभासद येत-जात राहतात, दुपारी सेव्ह दाबले की ४१९ (सेशन संपल्याचा एरर). त्या वेळी पान रिफ्रेश करायला लावू नका. मजकूर तसाच ठेवून वरच लॉगिनची छोटी खिडकी उघडा, नवा टोकन घ्या आणि तीच विनंती पुन्हा पाठवा.

विश्रामबाग_डेव्ह (सांगली)

ताई, कर्जमंजुरीची यादी कर्जखात्यातूनच आणतो, म्हणजे हाताने टेबल फारच थोड्या ठिकाणी लागेल.

शोधाबद्दल शेवटचे विचारतो. नमुन्याच्या ठरावांवर ‘शेतकऱ्यांच्या’ शोधले तर काही सापडतात, काही नाही. दिसायला दोन्हीकडे शब्द तोच आहे. आणि सफाईनंतर काही ठिकाणी ‘शेतकर्यांच्या’ असे झाले आहे.

वारणाकाठ

दोन वेगळी दुखणी आहेत, पण मूळ एकच.

मराठीतला हा अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एक, नुक्ता असलेला ऱ (यू+०९३१), हलन्त, आणि पुढचे व्यंजन. दुसरा, साधा र, हलन्त, झीरो विड्थ जॉइनर (यू+२००डी), आणि पुढचे व्यंजन. कीबोर्डनुसार यातले एक येते. पडद्यावर फरक दिसत नाही, डेटाबेसला दिसतो. एनएफसी नॉर्मलायझेशनने (युनिकोड एकरूप करण्याच्या प्रमाण पद्धतीने) र अधिक नुक्ता याचा ऱ होतो, पण जॉइनरवाला प्रकार तसाच राहतो.

तुमच्या सफाईत कुठेतरी ‘अदृश्य अक्षरे काढा’ अशी ओळ असणार. तिने जॉइनर काढला की र आणि य यांचा रफार होतो आणि ‘शेतकर्यांच्या’ उमटते. ती ओळ शोधा आणि यू+२००सी, यू+२००डी ही दोन चिन्हे वगळा. झीरो विड्थ स्पेस, यू+२००बी, काढली तर चालते.

जिथे जॉइनर आधीच गेला आहे ते मजकूर डोळे झाकून बदलू नका. ‘र्य’ हे ‘कार्य’, ‘सूर्य’, ‘आर्य’मध्ये बरोबरच आहे. मूळ वर्ड फाईल असेल तर पुन्हा पेस्ट करा. नसेल तर ‘शेतकर्या’, ‘दुसर्या’, ‘कर्मचार्या’, ‘अधिकार्या’ अशी नेहमीची रूपे यादीतून बदला आणि बाकीची माणसाकडून तपासून घ्या.

पुढे साठवतानाच र, हलन्त, जॉइनर या तिघांच्या जागी ऱ आणि हलन्त असे एकरूप करा. शोधाच्या चौकटीत आलेल्या शब्दावरही तेच करा, नाहीतर उपयोग नाही. हाच उपाय ॲ साठी: काही कीबोर्ड एकच चिन्ह (यू+०९७२) देतात, काही अ आणि वर ॅ असे दोन. एनएफसी यांना एक करत नाही, तुम्हालाच करावे लागेल. ‘ॲड.’ आणि ‘ॲग्रो’ शोधताना हे पहिल्यांदा लक्षात येते.

हे बदल शोधाच्या कॉलमवर आणि नव्या मजकुरावर करा. मंजूर झालेल्या प्रतींना हात लावू नका, नाहीतर तासगावकरांनी सांगितलेला हॅश जुळणार नाही.

तासगाव_बॅकएंड

त्यात एवढे जोडा: मायएसक्यूएलचा फुलटेक्स्ट (शब्दशोधाचा इंडेक्स) वापरणार असाल तर इनोडीबी या त्याच्या साठवण इंजिनमध्ये शब्दाची किमान लांबी मुळात ३ असते, म्हणून ‘ऊस’सारखा दोन चिन्हांचा शब्द इंडेक्समध्ये येतच नाही. ‘इनोडीबी_एफटी_मिन_टोकन_साइझ’ २ करा, मायएसक्यूएल रिस्टार्ट करा आणि इंडेक्स काढून पुन्हा बांधा. नुसते रिस्टार्ट केल्याने जुना इंडेक्स बदलत नाही.